कागदाले कोमेजता येते

पोरगी पान्यात पडली का कमळ पान्यात पडलं, हे मले आधी समजलंच नाई.

मी आत भाताचा गंज उतरवून राहिली होती. आंगनातून आवाज आला, छप्प. एकच बार. मंग काईच नाई. ज्या घरात दीड वर्साचं लेकरू हाये त्या घरच्या बाईले इचारा, लेकराच्या गडबडीचं भेव नाई वाटत, ते चूप झालं का काळीज फाटते. गंज तसाच सोडला, हात पोळला ते मांगून समजलं, अन् मी धावली. पोट्टी कपड्याच्या टपात बसून होती, पानी तिच्या छातीपर्यंत, अन् ते पानी लाल. लालभडक. मी वरडली. "माय वं" म्हनून वरडली म्हनतेत, मले काई आठवत नाई. बखोट्याले धरून पोट्टीले उचललं, डोक्स पायलं, नाक पायलं, तोंडात बोट घालून पायलं, पोटाची घडी उलटून पायली, रगत कोठून येऊन राहिलं ते सापडंच नाई. अन् ते लेकरू हासून राहिलं. तिच्या मुठीत एक ओली पाकळी होती. ते रगत नोतं. माह्या कागदाच्या कमळाचा रंग होता.

कमळ टपात उपडं पडलं होतं. वरून ओट्यावर ठेवलं होतं मी, नीट, पेटीत घालाले. तिनं तार धरून ओढलं असन.

अन् नागपूरवरून गाडी निंगाली, असा फोन येऊन गेला होता. भंडारा मांगं टाकून वैनगंगेचा पूल उतरला का आमचं कारधा. किती येळ लागते? काईच नाई लागत. त्या गाडीत हे कमळ जानार होतं, तठी नागपुरात मोठमोठ्या लोकाईच्या हातच्या वस्तू मांडून ठेवनार होते, त्याच्यात माहं एक. माह्या जल्मात माह्या हातची वस्तू घेयाले पूल वलांडून कोनी आलं नोतं. अन् ते कमळ टपात.

आता जरा दम घेऊन सांगते, नाई तं तुमाले काई समजनार नाई.

माहं माहेर अड्याळकडलं. माही माय बिड्या वळे, तिच्या बाजूले बसून मीही वळे. शाळा नववीत सुटली, बिडी नाई सुटली. तेंदूचा पत्ता राती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा. सकाळी तो नरम झाला का मांडीवर सूप घेऊन बसायचं, पत्र्याचा फर्मा ठेवून कैचीनं कापायचा, चिमूटभर तंबाखू, अंगठ्यानं गुंडाळायचं, टोक मुडपायचं, धागा. पत्ता सुका असला तं तडकते. जास्त ओला असला तं बिडी ढिली पडते. किती ओला पायजे हे कोनी सांगू शकत नाई, बोटाले समजते. मले वाचता येते, लिवता येते, पन डोक्स्यात जे नाई रायलं ते बोटात रायलं.

लगन होऊन कारध्याले आली तं अठी पन सूप मांडीवरच. घरचे, म्हनजे माहे मालक, वायरिंगचं काम करतेत, लोकाईच्या घरी लाईट बसवतेत. घरात आमी तिघंच, हे, मी अन् मामीजी. मामीजी म्हनजे माही सासू. जीभ अशी का सुपारी फोडाले अडकित्ता नाई लागत.

मंग पोट्टी झाली. लहानशी झाली, दोन्ही हातात मावे अशी. आशाताई पाहाले आली, सूप पायलं अन् म्हनली, "बाई, हा तंबाखूचा खाट, हा उग्र वास, लेकराच्या छातीत जाते. बंद कर." मी त्याच दिवशी सूप माळ्यावर टाकलं. पन भेव माळ्यावर टाकता येत नाई न. पोट्टी झोपली का मले वाटे, गेली. एवढंसं पोट, ते हालते का नाई दिसंच नाई. हात लावून पायला तं जागी होये, मंग दोघीबी रडू.

चौदा एप्रिलच्या जयंतीच्या पताका लावून उरलेला पातळ कागद घरात पडला होता, पांढरा अन् निळा. एका दुपारी त्याची एक चिंधी फाडून मी पोट्टीच्या नाकासमोर धरली. हालली. मांगं गेली, पुढं आली. मांगं, पुढं. मंग माहा तोच धंदा झाला. ती झोपली का मी कागद घेऊन बसाची. बोटाले बिडीची सवय, ते काई चूप नाई बसत, चिंधी धरल्या धरल्या तिले अंगठ्यानं गोल वळवून देत. काठ वाकडा झाला, मधात खोल झाली, पाकळीसारखी. अन् पोट्टीच्या श्वासानं ती वळलेली चिंधी अशी उघडे, अशी मिटे. मी तोंडावर हात ठेवून पाहात राहिली. माह्या हातातला जयंतीचा उरलेला कागद, अन् तो श्वास घेऊन राहिला होता. खरं सांगते, आंगावर काटा आला. असं काई आपल्या हातून होऊ शकते, हे मले मालूमच नोतं.

त्या दिवशी मी तशा बऱ्याच चिंध्या वळल्या अन् बिडीच्या धाग्यानं बांधल्या. मामीजीनं पायलं. म्हनल्या, "काय वं, बिडीले फूल आलं काय?"

घरचे हासले. पन दुसऱ्या दिवशी कामावरून येताना वायरचे उरलेले तुकडे घेऊन आले, सोलून, आतली तांब्याची तार मोकळी करून. "देठाले घे," म्हनले. मंग भंडाऱ्याच्या बजारातून सुरकुत्या-सुरकुत्याचा क्रेप कागद आनला. मी जास्वंद केली. झेंडू केला. मोहाचं फूल केलं, ते तं एवढंसं, पिवळं, मन्यासारखं, ते पाहून मामीजीनं खरंच वास घेतला अन् मंग मलेच शिव्या देल्या. जे फूल दिसे ते मी उलटंपालटं करून पाहाची, याले शिवन कोठी हाये, याले आधी काय लावलं अन् मांगून काय. फुलाले शिवन नसतेच. ते पाहून मी चाटच पडाची. एवढं सगळं जोडलं कोनं, अन् जोड कोठीच दिसत नाई.

बुद्ध पौर्णिमेले मी कमळ केलं. पांढरं, वरून जरासं गुलाबी, ताटात मावन एवढं. मनात होतं का यंदा विहारात माहं फूल राहीन. कोनाले सांगितलं नाई. पांढरी साडी नेसली, पोट्टीले कडेवर घेतलं, ताटात मेनबत्ती, उदबत्ती अन् माहं कमळ. सगळ्या बाया पाहून राहिल्या, "खरं हाये का वं?" म्हनून बोट लावून राहिल्या. माहे पाय जमिनीवर नोते.

त्रिशरन झालं, पंचशील झालं. मंग फुलाची पूजा. तुमच्यातल्या ज्याईले मालूम नसन त्याईसाठी सांगते, फूल वाहाताना आमी पालीत म्हनतो, मतलब असा का हे फूल जसं कोमेजून जाते तसं माहं शरीरबी जानार हाये. मले ते लहानपनापासून पाठ. पन पाठ म्हनजे पाठ, मतलब कायले पाहाते मानूस.

मी कमळ पुढं ठेवलं, अन् मामीजीनं हात लांब करून ते उचललं. सगळ्याईच्या समोर. माह्या ताटात वापस ठेवलं.

"हे नाई चालन," म्हनल्या.

"काहून, मामीजी?"

"हे कोमेजन काय?"

मी कमळाकडे पायलं.

"आता तू पंचशील घेतलं. खोटं नाई बोलनार म्हनली, सगळ्याईनं आयकलं. अन् लगेच न कोमेजनारं फूल ठेवून 'हे कोमेजते' म्हनतं? कोनाले फसवून राहिली वं, पोरी?"

एक बाई म्हनली, "जाऊ द्या न मावशी, हौस हाये लेकराची." मामीजीनं तिच्याकडे पायलं तं ती आपलं ताट सारखं कराले लागली. मंग मामीजीनंच आपल्या ताटातलं मोगऱ्याचं एक फूल उचलून माह्या हातात देलं. मी ते वायलं. डोळ्यातून पानी येऊन राहिलं होतं अन् तोंडानं पाली चालू होती, अन् पयल्यांदा त्याचा मतलब माह्या आत उतरला. माह्या कडेवर पोट्टी होती. 'शरीर जानार' म्हनलं का मले तिचंच नाक दिसे.

घरी येऊन मी पायऱ्यावर बसली. मामीजी मांगून आल्या. मी इचारलं, रागानंच इचारलं, "मंग कोमेजनारं केलं तं?"

"कागदाले कोमेजता येते काय वं?" म्हनल्या, अन् आत गेल्या.

माहं डोक्स तठीच अटकलं. राती, सकाळी, भांडे घासताना, तेच. येते का? कागदाले येते का? मी इतके फुलं केले, सगळे ताजे. फूल म्हनजे ताजं, असंच मले वाटे. फूल मरते कसं, हे मी धड कधी पायलंच नोतं. उकिरड्यावर टाकल्यावर कोन पाहाते?

घरच्याईले म्हनलं, मले एक कमळ आनून द्या, जितं. ते मले गाडीवर बसवून माह्या माहेरच्या वाटेवरच्या बोडीवर घेऊन गेले. बोडी म्हनजे लहान तलाव, धानाले पानी देयाचा. मले पान्याचं भेव, मी बांधाच्या पाळीवर पोट्टीले घट्ट धरून उभी. हे पँट वर करून चिखलात उतरले. "लवकर सांग कोनतं पायजे, पायाले जोख चिपकली," म्हनून वरडले. मी म्हनलं, "ते नाई, त्याच्या बाजूचं." "बाई, तू कमळ पाहून राहिली का पोरगी पसंत करून राहिली?" शेवटी देठासकट दोन आनले, एक कळी, एक उमललेलं. पायातून जोख, म्हनजे जळू, काहाडताना म्हनले, "हे मेलं का मले सांगजो. मी याचं श्राद्ध घालतो."

आमच्यात श्राद्ध नसते. पन मजाक.

बकेटीत ठेवले. मी समोर बसली. अन् मंग जे पायलं ते मी कसं सांगू? मले वाटे मरनं म्हनजे एकदम असते, आता हाये अन् आता नाई, म्हनून तं मी नाकासमोर कागद धरून बसाची. पन कमळ असं नाई जात. ते हळूहळू जाते, मनानं जाते. सकाळी उघडलं, दुपारी जरा मिटलं, दुसऱ्या दिवशी जास्त उघडलं, इतकं का मले वाटलं याले कोनी सांगितलं नाई का आता बस कर. मंग बाहेरची पाकळी थकली. खाली झुकली. तिचा काठ आधी पानी लागल्यावानी झाला, मंग चहाच्या रंगाचा. गुलाबी रंग मधातून निंगून काठाले जमा झाला, जसा जानारा मानूस दाराजवळ जाऊन उभा राहाते. अन् पाकळी पडली. आवाज आला! एवढासा, टप. मी आयकला. पोट्टीनंबी आयकला, तिनं मान फिरवली. एक पडली तं बाकीच्या पाकळ्या घाबरल्या नाई. त्याईचं चालू राहिलं. अन् सगळ्या पडल्यावर मधात हिरवा गोंडा तसाच उभा, बिया घेऊन.

मी त्या बकेटीसमोर हात जोडले. कायले जोडले मले मालूम नाई. त्या दिवसापासून पोट्टीच्या नाकासमोर कागद धरनं कमी झालं. बंद नाई झालं. कमी झालं.

मंग मी कोमेजलेले फुलं कराले लागली. चहाच्या पान्यात कागद बुडवला, काथ लावला, उदबत्तीनं काठ जाळला. सगळं बेकार. कोमेजल्यासारखं नाई दिसे, मळल्यासारखं दिसे. मामीजी म्हनल्या, "चहा सांडला काय?" मंग बिडीचा पत्ता आठवला. कागद ओल्या फडक्यात ठेवला, बोटाले समजन इतकाच ओला, अन् तार सैल ठेवली. मंग पाकळी आपल्या वजनानं झुके. मी नाई झुकवत, ती झुके. तसे फुलं होत गेले, एका देठावर कळी, उमललेलं, पडून गेलेलं, सगळं संगच. घरच्याईनं फोटो मोबाईलच्या स्टेटसले टाकले. कोन्या गावचा फोटो कोठी जाते सांगता येत नाई, नागपूरच्या एका मॅडमचा फोन आला. लोकाईच्या हातच्या वस्तूंचं प्रदर्शन भरवतेत म्हनल्या. "एक मोठं कमळ करा. तुमाले वाटन तसं."

तुमाले वाटन तसं. हेच ते! मले काय वाटन? मले भेव वाटलं. नागपूर, मॅडम, काचेचे दरवाजे. तठी कोमेजलेलं फूल पाठवाचं? लोक म्हनतीन, गावची बाई, नीट करता येत नाई, वाळलेलं पाठवलं. मी ताजं केलं. सुपाएवढं कमळ, एकेक पाकळी ताठ, काठावर गडद लाल, कोठी एक सुरकुती नाई. जास्तीच्या पाकळ्याबी करून डब्यात ठेवल्या, रस्त्यात काई मोडलं तं लागतीन म्हनून. आजूबाजूच्या बाया पाहाले आल्या. सगळ्या म्हनल्या, वा. मी पन म्हनलं, वा. पन त्याच्याजवळ बसलं तं मले काईच होये नाई. जसं दुसऱ्याच्या घरी बसलं.

अन् तेच कमळ त्या सकाळी टपात पडलं.

मामीजी पोट्टीले फडक्यात गुंडाळून तिले शिव्या देऊन राहिल्या होत्या अन् मुके घेऊन राहिल्या होत्या, दोन्ही संग. मी कमळ दोन्ही हातानं उचललं. त्याच्यातून लाल पानी धारेनं गळलं. सगळ्या पाकळ्या तारेवरून खाली आल्या. घरचे धावत पंखा घेऊन आले, टेबलावर ठेवला, बटन दाबलं.

"रडू नोको. पाकळ्या हायेत न डब्यात? वरच्या वरच्या बदल. खालच्या कोन पाहाते?"

कमळ टेबलावर ठेवून मी डबा उघडला. गोंद घेतला. अन् कमळाकडे पायलं.

पंख्याच्या हवेनं ते वाळून राहिलं होतं. अन् वाळताना काई तरी होऊन राहिलं होतं. रंग मधातून सरकून काठाले चालला होता. मी नाई लावला तसा. पान्यानं लावला. बाहेरच्या पाकळ्या झुकल्या होत्या, एक जास्त, एक कमी, एक पूर्न देठाले टेकलेली. जी पोट्टीनं तोडली तिची जागा रिकामी होती, अन् त्या रिकाम्या जागेतून आतला गोंडा दिसे. बोडीवरून आनलेलं ते कमळ, शेवटून दुसऱ्या दिवशीचं, हुबेहूब ते. नाई, हुबेहूब नाई. त्याच्याहून जास्त. मी इतके महिने चहा अन् काथ घेऊन ज्याच्या मांगं लागली होती ते माह्यासमोर टेबलावर बसून होतं, अन् ते मी केलं का पान्यानं केलं का पोट्टीनं केलं, मले सांगता येये नाई.

"लाव न वं," घरचे म्हनले. "काय पाहून राहिली?"

"हे पाहा न तुमी."

त्याईनं पायलं. जरा येळ पायलं. मंग म्हनले, "मले समजते. पन नागपूरवाल्याईले समजन काय? ते म्हनतीन, भिजलं."

"भिजलंच हाये न ते," मामीजी म्हनल्या. मले वाटलं होतं, निदान मामीजी तरी म्हनतीन का असंच राहू दे. त्या म्हनल्या, "बाई, विहारातली गोष्ट अलग, बाहेरची अलग. आपल्या लोकाईले आधीच कोनी लवकर खुर्ची देत नाई. पयल्यांदा बलावलं तं नीटनेटकं जायाचं. मी लगनात फाटकं लुगडं नेसून गेली होती काय? पाकळ्या बदल."

त्याईचं खोटं नोतं. मले तेच भेव होतं, तेच त्याईनं तोंडानं सांगितलं. एका हातात गोंद, एका हातात डबा. नवीन पाकळ्या डब्यात अशा ताठ, अशा लाल. बदलल्या तं कोनाले समजलं नसतं. मॅडम खूश झाल्या असत्या, कदाचित अजून बलावलं असतं. अन् नाई बदलल्या तं कदाचित कोपऱ्यात ठेवतीन, कदाचित पेटीतून काहाडनारबी नाई, अन् मंग कारध्याच्या त्या बाईले पुन्हा कोनी फोन करनार नाई.

हॉर्न वाजला.

पोरसवदा ड्रायवर होता. आत आला, टेबलाकडे पायलं, मंग जमिनीवरच्या लाल पान्याकडे पायलं. "ताई, हेच न्यायचं काय? असंच?"

घरचे माह्याकडे, मामीजी माह्याकडे. पोट्टी कमळाकडे हात करून राहिली होती.

"असंच," मी म्हनली. आवाज इतका लहान निंगाला का त्याले पुन्हा इचारावं लागलं. "हो भाऊ, असंच. वरून काई ठेवू नोको. दबन."

मीच पेटीत ठेवलं. मामीजी आत जाऊन करपलेला भात खरडत बसल्या. गाडी पुलावर चढली तवर मी दारात उभी होती. मंग आत येऊन जमिनीवरचं लाल पानी पुसाले बसली.

अजून तठून फोन आला नाई. प्रदर्शन सुरू झालं असन. फोन वाजला का घरचे माह्याकडे पाहातेत, अन् कोन्या तरी घरच्या लाईटचा फोन असते. त्या नवीन पाकळ्या डब्यात तशाच हायेत, कधी कधी उघडून पाहाते. सुंदर हायेत, खोटं कायले बोलू. मामीजी अजूनबी म्हनतेत का बदलाले पायजे होत्या, घरचे म्हनतेत झालं ते झालं. मी तुमालेच इचारते. तुमच्या हातात गोंद राहाता, दारात गाडी उभी राहाती, अन् टेबलावर ते असं बसलेलं राहातं, तं तुमी काय केलं असतं?